वाऱ्याकडे पाठ

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आधीची ती वर्षे. मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी पुण्याहून मुरबाडला आले. पुण्यात माझ्या जिभेवर ‘नको’ हा शब्द सदैव तयार असे. उन्हात नको, गर्दीत नको, अनोळखी घरी पाणीसुद्धा नको. कल्याणहून निघालेल्या सर्व्हिस मोटारीत, डोळ्यांत तांबडी धूळ जात असताना, मी मनाशी ठरवले की नव्या गावात वर्षभर कोणी काही म्हटले, तर उत्तर एकच द्यायचे: येते.

हा शब्द मला कुठे कुठे घेऊन गेला! गवताने शिगोशीग भरलेल्या बैलगाडीच्या माथ्यावर बसून मी एका विद्यार्थिनीच्या आत्याच्या गावी गेले. खाली चाके कुरकुरत होती आणि वर माझ्या केसांत वाळल्या गवताचा गोडसर वास भरत होता. पहाटे मोहाखाली पडलेली फुले वेचली. ओलसर, मेणासारखी, तोंडात टाकली की आधी मध आणि मागून किंचित कडू धग. सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानात आवळे खाऊन वरून झऱ्याचे पाणी प्यायले, तेव्हा ते पाणी घशात किती वेळ गोड राहिले.

चैत्राच्या शेवटी चौथीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, उद्या आमचा राब लावायचाय. येताव का?”

अर्ध्या कोसावरच्या पाड्यातून चौथीपर्यंत पोचलेली ती एकटीच होती. उंच, सावळी, आणि कविता म्हणताना डोळे मिटून घेणारी. पुढच्या दिवाळीनंतर तिची परीक्षा होती. मी म्हटले, “येते.”

भाताचे रोप जिथे वाढवायचे, त्या तुकड्यावर हिवाळ्यापासून शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाचोळा आणि वर मातीची भुरभुर असे थर रचलेले होते. ते जाळायचे, की झाला राब. मुलीचा बाप हिरव्या फांद्या घेऊन पलीकडच्या बांधावर आग अडवायला उभा होता. आईने गवताची पेटलेली चूड माझ्या हातात दिली. “लावा मास्तरीनबाई. तुमच्या हातानं होऊ दे.”

मला शाळेला जाण्याचे लुगडे धुरापासून वाचवायचे होते. मी विचारपूर्वक वाऱ्याकडे पाठ केली आणि पायाशी चूड टेकवली. धूर माझ्यापासून दूर गेला. आगही गेली. भगव्या जिभा फांद्यांच्या वरच्या वर धावत सुटल्या, पाने तडतडली, उन्हात ऊन मिसळावे तसे ते सगळे झळाळले, आणि मी चार श्वास घेते न घेते तोच विझूनही गेले. मला ते फार सुंदर वाटले. तसे बोलायला मी वळले, तर मायलेकी राखेकडे पाहत होत्या.

बाप पलीकडून चालत आला. पायाच्या अंगठ्याने त्याने राख उकरली. खालची माती जशीच्या तशी, गार.

“वारा कुठून येतो ते बघलं नाय तुमी?” तो म्हणाला. “ही होळी झाली बाई. राब नाय झाला.”

मग आईने सांगितले. आग वाऱ्याकडे तोंड करून लावायची असते, धूर अंगावर घेत. ती मग दुपारपर्यंत वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते, माती भाजते आणि गवताचे बी मातीतच मरते. ते बी आता सगळे जिवंत राहिले होते. पुन्हा जाळायला फांद्या नव्हत्या, शेणही नव्हते.

“मिरगानंतर रोपापेक्षा गवत जास्ती,” बाप म्हणाला. “ते उपटायला, बेणायला मानूस लागल. हिलाच ठेवायची घरी. झाली तितकी शाळा झाली.”

मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती. राखेत पडलेली एक अर्धी फांदी ती उगाच उलटी करत होती.

“बेणायला मी येते,” मी म्हटले. या वेळी तो शब्द हौसेने आला नव्हता.

आई हसली. “धुराला भ्यालात, चिखलाला काय करताल?”

जूनच्या अखेरीस मी गेले. शाळा अकराला भरे. उजाडताच मी पाड्यावर पोचत असे आणि मुलीला राबातच सोडून शाळेसाठी एकटी परतत असे. राबात सगळेच हिरवे होते. त्यातले भात कोणते आणि गवत कोणते, मला एकही पाते ओळखू येईना. माझ्या शेजारी उकिडवी बसून मुलगी म्हणाली, “डोळ्यांनी नाय बाई, नखानं. पान जिथं फुटतं तिथं फिरवा. भाताला तिथं कान असतो, गवताला नसतो.”

मी नख फिरवले. खरेच, पात्याच्या बेचक्यात एक सूक्ष्म, लवदार कानपाळी नखाला अडली. दुसऱ्या पात्यावर नख सुळकन घसरले. त्या दिवसापासून डोळे मिटूनही मी भात ओळखू लागले. बोटांच्या पेरांना चिखलाचा गारवा, पाठीवर इरल्याच्या पानांचा दबका वास, आणि शेजारी मी सांगितलेली नव्या पाठाची कविता पुटपुटणारी माझी शिक्षिका.

नवव्या दिवशी बाप बांधावर येऊन उभा राहिला. अजून तिसरा हिस्सा शिल्लक होता. त्याने माझा उपटलेल्या गवताचा ढीग चाळला आणि त्यातून भाताची तीन रोपे बाहेर काढली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वाकून त्याने ती तिन्ही अंगठ्याने पुन्हा चिखलात दाबली.

“तीनच,” आई लांबून म्हणाली. “मी लग्न होऊन आले तवा अख्खा वाफा उपटला होता. इचारा त्यांना.”

त्याच्या मिशीखाली काहीतरी हलले. मग तो लेकीला म्हणाला, “ऊठ गो, पाय धू. शाळेला टाइम झाला. बाईंना घेऊन जा. उरलंय ते आमी दोघं बघतो.”

“आज का रोज?” तिने बसूनच विचारले.

“रोज,” तो म्हणाला आणि तिच्या जागेवर बेणायला बसला.

आम्ही ओढ्यावर पाय धुतले. वाटेत तिने सबंध कविता मोठ्याने म्हटली, दोन ठिकाणी चुकली, आणि मी तिला थांबवले नाही.