लाल जवारीची भाकर

मी वर्ध्याकडची, ज्वारीच्या मुलखातली. लग्न होऊन वारासिवनीजवळच्या खेड्यात आले, तेव्हा कितीतरी महिने जेवले तरी जेवल्यासारखं वाटायचं नाही. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी परत भात. सासूबाईंना मी मामीजी म्हणायची. त्या हसून विचारायच्या, "भात पोटाले लागून नाई राह्यला का वं तुले?"

आमचा टोला, म्हणजे आमची वस्ती, गावाच्या कडेला होता. सासरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारून काही वर्षं झाली होती, पण गावाच्या विहिरीवर आमची बादली अजून जात नव्हती. आमची विहीर वेगळी, पाणीही जरा मचूळच.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या मध्यावर, एका वर्षी पाऊस भादव्यातच निघून गेला. धान गर्भावर आलं होतं. लोंब्या बाहेर पडल्या त्या पांढऱ्या, पोचट. धानाच्या बांध्यांना भेगा पडल्या. थोरामोठ्यांच्या कोठ्याही हिवाळा संपेपर्यंत रित्या झाल्या. आम्ही मोहाची फुलं उकडून खाल्ली, रानातले कंद खाल्ले. मग कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात तांदळाच्या जागी लाल जवारी मिळू लागली. जहाजानं परदेशातून आली म्हणत. भात खाणाऱ्या लोकांना तिचं काय करायचं ते कळेना. कुणी ती तांदळासारखी शिजवली. दाणा वरून फुटायचा, आत कडकच राहायचा. पोरांची पोटं बिघडली. "हे ढोरायचं खाणं हाय," असं म्हणून काहींनी खरंच बैलांपुढं टाकली.

मी मात्र मनातून खूश होते. जवारी म्हणजे माझ्या माहेरचं धान्य! घाईघाईनं दळली, मळली आणि थापायला घेतली, तर भाकर हातातच फुटली. पिठाला चिकटपणाच नव्हता. मामीजी म्हणाल्या, "तुमच्या वर्ध्याची जवारी अशीच असते का?"

"नाई, मामीजी. हे येगळीच जात हाय."

मग आठवलं, जुन्या ज्वारीला आई उकड काढायची. पाण्याला आधण आणलं, त्यात पीठ टाकलं, झाकून ठेवलं आणि गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं रगडून मळलं. भाकर तळहाताएवढीच थापली. पहिली तव्यावर चिरली, दुसरी टम्म फुगली. वाळवलेल्या तरोट्याच्या पाल्याच्या भाजीबरोबर मामीजींनी ती खाल्ली आणि हात पुढे केला. मी दुसरी वाढली.

टोल्यातल्या बाया शिकून गेल्या. बोडी, म्हणजे लहान तळं, खोदायचं दुष्काळी राहतचं काम सुरू झालं होतं. तिथे दुपारी आमच्या बायांच्या फडक्यांत भाकरी दिसू लागल्या आणि गावात बोलणं झालं.

एका दुपारी पटलीणबाई आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याची बायको. आमच्या टोल्यात त्यांचं पाऊल मी कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावर परातीत पीठ आणि एक पातेलं, हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या.

"नातवायचं पोट उतरलं हाय," त्या म्हणाल्या. "उकडलेले दाणे पचत नाई. तू भाकर करतं म्हणे. मी माह्या हातानं करीन. तू फक्त तोंडानं सांग."

तो तांब्या पाहून माझं मन खट्टू झालं. नाही म्हणावं असं वाटलं. पण मामीजींनी डोळ्यांनीच खुणावलं. लेकरं उपाशी होती, एवढं खरं होतं.

मी चूल पेटवली. त्यांनी स्वतःचं पाणी उकळलं, पीठ टाकलं. मी लांब बसून सांगत होते.

"आता मळा. गरमच."

"हात भाजते वं!"

त्या थांबल्या, पीठ निवलं आणि भाकर फुटली. पुन्हा केली, पुन्हा फुटली. किती जोर लावायचा, पीठ कधी झालं, हे तोंडानं कसं सांगणार? माझा हात आपोआप परातीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. पटलीणबाईंनी ते पाहिलं. मग त्यांनी परात माझ्याकडे सरकवली.

"मळ. तोंडानं नाई समजत हे."

मी मळलं, त्यांनी थापलं. आमच्याच तव्यावर भाकरी भाजल्या. फडक्यात बांधून त्या निघाल्या. फाटकाशी थांबून त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"मीठ कमी हाय," म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आणखी दोघीतिघी आल्या. तांब्या कुणीच आणला नव्हता. आमच्याच घागरीतलं पाणी आधणाला लागलं. मामीजी दिवसभर काहीतरी गुणगुणत होत्या.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. विहिरी पुढेही बरीच वर्षं वेगळ्याच राहिल्या. पण त्याच उन्हाळ्यात शाळेतल्या लेकरांसाठी सरकारी दलिया आला आणि रांधायला बाई हवी झाली. गुरुजींनी माझं नाव सुचवलं. पंचायतीच्या ओट्यावर कुजबुज झाली, "आमची लेकरं तिच्या हातचं खातीन का?"

बाया अशा बैठकीत बोलत नसत. पटलीणबाई मागून पदर सावरत उठल्या.

"तिनं मळलेलं आमी घरी खाल्लं. मेलो का आमी? आन् लेकरं उपाशी ठेवाची असन तं तसं सांगा!"

पंचांनी माझं नाव लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी अर्धी पोरं थाळ्या घेऊन लांब बसली. काही तर आलीच नाहीत. मी दलिया खरपूस भाजला, गूळ टाकला. वास शाळाभर पसरला. आठवडा झाला न झाला, तोवर लांब बसलेली पोरं चुलीजवळ सरकली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, धान पिकलं, पण दलिया बंद झाला नाही. दलियाच्या गंजाच्या बुडाशी लागलेल्या खरवडीसाठी पोरं इतकी भांडायची, की शेवटी मला पाळ्या लावाव्या लागल्या. पटलीणबाईंची नात पाळी नसतानाही थाळी पुढे करून उभी राहायची.

"काकू, जराशीच दे ना!"

आणि मी द्यायची.