चिकटलेलं वाहून जात नाही

गेल्या रविवारी सकाळी मी एक शहाणपणा केला. चौदा महिन्यांच्या नातीला, ईराला, कडेवर घेऊन दूध कट्ट्यावर, म्हशी गिऱ्हाइकासमोर पिळतात तिथं, गेलो आणि समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं... पाच चमचे, मोजून.

म्हैसवाला म्हणाला, "पाज की मर्दा, पैलवान हुईल!" मलाही तेच वाटत होतं.

मंगळवारी जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत सात वेळा. सूनबाई ओआरएसचं पाणी घेऊन आली, तर मी हात आडवा घातला. माझं लेथचं वर्कशॉप आहे. शाळा दहावीपर्यंत, बाकी सगळं स्वतः वाचून शिकलोय... त्यामुळे मत तयारच होतं. "वाहू दे. पाइप फ्लश होतोय, घाण आपोआप जाईल. वरनं पाणी घातलंस तर जोर वाढंल."

तिनं वाद घातला नाही. ईराला उचललं, रिक्षा केली आणि राजारामपुरीत डॉक्टरांकडे गेली. मी चप्पल शोधून मागून बाइकवर.

डॉक्टर मॅडमनी ईराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच सपाट झाली नाही, सावकाश खाली बसली; अंगातलं पाणी आटल्याची खूण. "शेवटची शू कधी केली?" मला सांगता येईना. सूनबाई म्हणाली, "सकाळी साडेआठला." तेव्हा तीन वाजले होते.

तरीही मी पाइपची थिअरी मांडलीच. मॅडम म्हणाल्या, "काका, नळ न्हाय हो तो, लेकराचं आतडं हाय. काही जंतू आत चिकटून बसतात, ते असे वाहून जात नाहीत. वाहतंय ते पोरीच्या अंगातलं पाणी."

"चिकटतात कशानं?"

"आधी पाजा. मग शिकवते."

लागलो कामाला. एक लिटर पाणी, ओआरएसची एक पुडी, दर मिनिटाला एक चमचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, परत सुरू... घड्याळ समोर ठेवून. एक चमचा चुकवला नाही.

उरलेलं नंतर वाचून काढलं. ई-कोलायच्या काही जाती आधी बारीक केसांनी आतड्याला धरतात. मग पेशीत स्वतःचंच प्रथिन टोचतात आणि त्यालाच घट्ट चिकटतात... म्हणजे लेथवर जॉब पकडणारा चक यांनीच बसवायचा आणि त्यात पकडायचा जॉबही यांनीच व्हायचं! शिवाय पाणी शोषणारी आतली झालर सपाट करून टाकतात. ईराला हेच होतं का, ते तपासणीशिवाय सांगता येत नाही. दुधातूनच आलं, हेही नक्की नाही. पण पाजलं मी, आणि अडवलंही मीच.

त्या दिवशी क्लिनिकमध्ये ईरा मांडीवर होती. पाच वाजून वीस मिनिटांनी मांडीला गरम लागलं. इस्त्रीची पांढरी पँट पार भिजली. मी ओरडलो, "केली! शू केली!" अख्खं क्लिनिक बघायला लागलं. सकाळपासून न रडलेली सूनबाई तेव्हा रडली.

ईरा आता बरी आहे. यापुढे घरात दूध उकळूनच. आणि जुलाब झालेल्या बाळाचं पाणी कुणी तोडताना दिसलं, तर मी भांडणार... ओळख असो नसो.

सूनबाई, त्या दिवशी तोंडातून निघालं नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. माझं ऐकलं नाहीस, लई बरं केलंस.