वरचे दोन बोल्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवासमोर हात जोडून उभा राहतो तेव्हासुद्धा नाही – तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटतो. मग तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच बरं वाटतंय.

लोणावळ्यात जुन्या हायवेला माझं गॅरेज आहे. कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत गाडीचा आवाज ओळखावा तर मी, असं लोक म्हणायचे. म्हणजे – आधी मीच म्हणायचो, मग लोक म्हणायला लागले. गाडी दारात वळली की मी आतूनच ओरडायचो, "पुढचं डावं बेअरिंग!" आणि तेच निघायचं. या कानाचा मला भारी माज होता हो. सगळं त्या माजामुळंच झालं, पण थांबा, क्रमानं सांगतो.

खंडाळ्यातल्या एका बंगल्याची जीप माझ्याकडे यायची. साहेब मुंबईचे, शनिवार-रविवार येणारे. ड्रायव्हर बारकूआबा, पवनेच्या बाजूच्या एका वाडीतला, साठीला टेकलेला माणूस. बावीस वर्षं तीच नोकरी. साहेबांच्या आईच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं ती म्हातारी दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाय ठेवायची नाही. बारकूनं गिअर कधी टाकला ते कळतच नाही, म्हणायची. मीही बसलोय त्यांच्याबरोबर. खरंच कळायचं नाही.

आता जरा गाडीच्या पोटाखाली चला. तिथं एक लांब लोखंडी दांडा असतो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा. त्याच्या टोकाचा सांधा झिजला होता. मी दांडा उतरवला, नवा सांधा घातला, दांडा परत चढवला. मागच्या बाजूला त्याला चार बोल्ट धरून ठेवतात. खालचे दोन सहज आवळता येतात. वरच्या दोनपर्यंत पाना पोचत नाही, चाक फिरवून दांडा अर्धा वळवावा लागतो. आणि माझी पद्धत अशी की बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला म्हणजे काम झालं, परत बघायचं नाही.

त्या शनिवारी साहेब स्वतःच येऊन उभे होते. बंगल्यावर पाहुणे खोळंबलेले, दर दोन मिनिटांनी "झालं का?" मी खालचे दोन आवळले, वरचे दोन हातानं फिरवून बसवले. रंगाची काडी हातात होतीच, म्हणून चारही ठिपके एकदमच देऊन टाकले. मग चाक फिरवायला गाडीखालून बाहेर आलो. साहेबांनी काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं – आणि जॅक उतरवला.

वरचे दोन आवळायचे राहिले, हे त्या दिवशी माझ्या ध्यानातही आलं नाही. नुसतं एवढंच असतं, तर मी आज तुमच्यापुढं बसलो नसतो.

पंधरा दिवसांनी जीप परत आली. क्लच सोडला की मागून 'टक्'. गिअर बदलला की 'टक्'. आबा गाडी चालवायला बसले, साहेब शेजारी, आणि मी मागं पत्र्याला कान लावून पालथा. खंडाळ्याच्या चढावर दोनदा जाऊन आलो. आवाज तर माझ्या कानाखालीच होता! मग गाडी वर घेतली. नवा सांधा हलवून पाहिला, घट्ट. पाट्यांचे बुश पाहिले, शॉकॲब्सॉर्बर पाहिले, चाकं हलवली, मागच्या गिअरचं ऑइल काढून बोटावर घेतलं. काही म्हणता काही सापडेना. चारही पिवळे ठिपके दर वेळी दिसत होते, आणि दर वेळी माझी नजर त्यांच्यावरून पुढं जात होती. काय सांगू तुम्हाला, घामानं शर्ट अंगाला चिकटला. इतका हतबल मी कधी झालो नव्हतो. आणि साहेब हाताची घडी घालून बघत होते.

तेव्हा आबा बोलले. अगदी हळू, मनात काही न ठेवता.

"मिस्त्री, तुमी दांडा उतरावलाता न्हवं, तवापास्नं ह्यो आवाज हाय बगा."

झालं! मिरच्या झोंबल्या मला. ड्रायव्हरनं मला शिकवायचं? तेही गिऱ्हाइकासमोर? मी पाना खाली टाकला आणि साहेबांना म्हणालो, गाडीत काही दोष नाही. क्लच झटक्यानं सुटतोय. आबांचं वय झालं, पाय जड झालाय त्यांचा.

मला ते खरं वाटत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारलाय. नव्हतं वाटत. क्षणभरही वाटलं नव्हतं. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि समोर तो माणूस उभा होता.

साहेबांनी नुसता हात पुढं केला. आबांनी खिशातून किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि दिली. माझ्याकडे पाहिलंही नाही. ते आपल्या डाव्या पायाकडे बघत होते.

त्यांना बंगल्याच्या गेटवर राखणीला बसवलं. महिन्याभरानं नवा ड्रायव्हर जीप घेऊन आला. आता 'टक्' राहिलं नव्हतं, धडाधड आदळत होतं. मी खाली शिरलो आणि काही सुचेना म्हणून उगाच वरच्या बोल्टला हात लावला. तो दोन बोटांनी फिरला. पिवळा ठिपका तसाच, आणि बोल्ट फिरतोय! दुसराही तसाच. खालचे दोन्हीही ढिले होत आलेले. दांडा घाटात निखळला असता तर? म्हातारी आत बसलेली असती तर?

चारही आवळले. आवाज गेला. साहेबांना फोन लावला – सांगायचंच म्हणून लावला होता. आणि तोंडातून काय निघालं? "आधीच्या ड्रायव्हरच्या हातून सांध्याला मार बसला होता. आता नीट केलंय." साहेब म्हणाले, तुमच्या कानाला तोड नाही. मी थँक्यू म्हणालो.

एक वाक्य बोललो असतो, तर किल्ली त्याच आठवड्यात आबांकडे परत गेली असती.

आबा माझा राग धरतील असं वाटलं होतं. धरला असता तर बरं झालं असतं. पण त्यांना ते पटलं हो! गेटवरून जाताना मी दिसलो की रामराम घालायचे. चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगायचे, "पाय जड झालाता माजा. मिस्त्रीनं वळाखलं म्हनून बरं, न्हाईतर आजीबाईंच्या पाठीचं काय झालं असतं?" मी तिथंच असायचो, बशीतला चहा फुंकत.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या थोरल्या मुलानं जुना पिकअप घेतला, वाडीवरची भाजी कामशेतला न्यायला. आधी माझ्याकडे तपासायला आणला, आबाही बरोबर आले होते. गाडी चांगली होती. मुलगा खुशीत होता, त्यानं किल्ली आबांपुढं धरली. वाडीपतोर तुमीच चालवा म्हणाला.

आबा दोन पावलं मागं सरले. "नगं रं. माज्या पायानं गाडी मोडती. इचार मिस्त्रीला."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मुलाची नजर सांगत होती, नाही म्हणा. भर दुपार होती. कुणी घाई करत नव्हतं. साहेब तर केव्हाच बंगला विकून गेले होते. माझं काय जाणार होतं? एक कान, बस.

मी म्हणालो, "आबा बरोबर बोलतायत."

मुलगा स्टिअरिंगवर बसला. आबा शेजारच्या सीटवर चढले आणि त्यांनी डावा पाय वर घेऊन उजव्या मांडीखाली दाबून ठेवला. तिथं पायाखाली ना क्लच होता, ना काही. गाडी चढाला लागली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. सवयीनं मी कान देऊन ऐकत राहिलो. मागून कसलाही आवाज येत नव्हता.