मधल्या धारेची सुरई

एवारिस्तोमामा आणि अरोहा आंटी यांची नावं आधी लिहितो, मग बाकीचं. नाही तर मी माझंच रडगाणं गात बसेन आणि ज्यांच्यामुळे या देशात टिकलो ते दोघं मागे राहतील. मामा मेक्सिकोतल्या ओहाका भागातले. बुटके, रुंद खांद्यांचे, ऑकलंडच्या हॉटेलांना मिरच्या-कोथिंबीर पुरवणारे. आंटी त्यांची बायको, इथल्याच, माओरी. मामा असं मी मनातल्या मनात म्हणायचो, तोंडावर अंकल.

मनुरेवा उपनगरातल्या ज्या हॉटेलात मी तंदूर सांभाळायचो त्याला मालकानं एका सकाळी कुलूप लावलं आणि वरची खोलीही रिकामी करायला सांगितली. आठवीतून शाळा सोडलेला माणूस मी. माझं कामाचं पर्मिट त्याच हॉटेलाच्या नावावर होतं. बॅग घेऊन मागच्या दाराशी उभा होतो, तेवढ्यात मामा नेहमीसारखे मिरच्यांचे खोके घेऊन आले. त्यांनी कुलूप बघितलं, मला बघितलं, खोके परत गाडीत ठेवले आणि माझी बॅगही उचलून त्यांच्या शेजारी ठेवली.

आम्ही उत्तरेला निघालो. त्यांची यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) पूल ओलांडून, अल्बनीची नवी नवी घरं मागे टाकून डोंगरात शिरली. हिरवेगार डोंगर, त्यावर मेंढ्या, आणि रस्ता असा वळणाचा की माझ्या पोटात कालवायला लागलं. थांबा म्हणायचा मला संकोच. शेवटी व्हायचं ते झालं, त्यांच्या पायपुसण्यावर. मामांनी एका डेअरीपाशी (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात) गाडी थांबवून मला लेमोनेड आणून दिलं, स्वतः नळाखाली पायपुसणं धुतलं आणि म्हणाले, गाडीत मिरच्यांपेक्षा वेगळा वास आला तेवढंच. मी सॉरी सॉरी म्हणत राहिलो. या देशात माझा सगळ्यात जास्त वापरला गेलेला शब्द तो.

घर व्हांगारेच्या पुढे, समुद्राकडे उतरणाऱ्या टेकडीवर. गाडीतून उतरलो आणि पहिलं काय दिसलं, तर घायपात. आमच्या माण तालुक्यात बांधाबांधावर असते तीच. पाती पाण्यात कुजवून, बडवून आम्ही दोरखंड वळायचो. इथली मात्र म्हशीएवढी. आंटी दारात उभ्या होत्या. किया ओरा (माओरीतला नमस्कार) म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं आणि माझं नाव विचारायच्या आधी जेवलास का विचारलं.

मामा या झाडाला मागेई म्हणतात. टकीला आपल्याकडे सिनेमात ऐकलेली असते. ती एका ठरावीक निळसर घायपातीची. मामांच्या गावाकडे कित्येक जातींच्या घायपातीपासून जी दारू गाळतात तिला मेस्कल म्हणतात. टेकडीवरचं ते मोठं झाड मामा लग्न होऊन इथे आले तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून सांभाळत होते. घायपात जन्मात एकदाच फुलते आणि मग मरते. मधून दांडा वर आला की तो फुलायच्या आधी छाटायचा, म्हणजे फुलासाठी साठवलेली सगळी साखर गड्ड्यातच राहते. तो दांडा त्यांनी काही महिन्यांपूर्वी छाटला होता, आणि त्याच सुमाराला त्यांची आई गेली. तिकडे जाता आलं नाही. फोनकार्डावर भावाशी बोलता बोलता कार्डच संपलं, असं आंटींनी मला सांगितलं.

त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेली माणसं घरी येतात. आपल्या पितृपक्षासारखंच, पण रडत नाहीत, आवडीचं खायला-प्यायला मांडतात. आईचा हा पहिलाच दिवस. तिच्यासमोर स्वतः गाळलेलं मेस्कल ठेवायचं, एवढंच मामांच्या मनात होतं. त्या टेकडीवर पिकलेलं झाड एकच. दुसरं होतं, पण कोवळं.

दारू गाळायची म्हटल्यावर मी घाबरलो. आमच्याकडे पोलीस आले की ओढ्यापलीकडचे भट्टीवाले पिंपं लवंडून पळायचे. आंटी हसल्या. इथे घरच्यापुरती गाळायला कायद्यानं मुभा आहे, विकायची नाही एवढंच, म्हणाल्या.

पाती छाटायला लांब बाह्यांचा शर्ट घाल, असं मामांनी बजावलं. मी म्हणालो, हे झाड मला लहानपणापासून माहीत आहे. हाफपॅंट आणि जॅन्डल्स (पट्ट्याच्या स्लिपर) घालून गेलो आणि दुपारपर्यंत घायपातीच्या चिकानं मांड्यांपासून मानेपर्यंत खाजवत बसलो. आमच्याकडचे लोक अंगाला तेल चोपडून जायचे, ते मला खाज सुटल्यावर आठवलं. मामा आंटींना ओरडून म्हणाले, तज्ज्ञांसाठी मलम आण.

पाती काढल्यावर उरतो तो गड्डा, भल्या मोठ्या अननसासारखा. त्याचे तुकडे करून ते जमिनीत भाजायचे. मामांनी खणलेल्या खड्ड्यात आंटींच्या भावाचे हांगीचे दगड घातले. हांगी म्हणजे माओरी लोकांची जमिनीतली भट्टी. लग्नकार्याला, मयताला तिच्यात मांस आणि रताळी शिजवतात. लाकडं पेटवून दगड लाल केले, त्यावर तुकडे रचले, वर ओली पोती, त्यावर माती. कुठून वाफ दिसली की धावत जाऊन मूठभर माती थापायची, हे काम माझ्याकडे.

"खड्डा आमचा, दगड आमचे, आणि नाव काय, तर मेक्सिकोचं," आंटी म्हणाल्या.

"झाड माझं आहे," मामा म्हणाले.

"झाड माझ्या आजोबांच्या जमिनीत आहे."

"बाई, लग्नात तूही मिळालीस आणि जमीनही. आता हिशोब नको."

काही दिवसांनी माती उकरली तेव्हा तुकडे गुळासारखे तपकिरी झाले होते. मामांनी मला एक दिला. उसासारखा चावायचा आणि चोथा थुंकायचा. गोड, धुराचा, मध्येच कडवट. मग लाकडी मोगऱ्यानं सगळं कुटायचं. तिथे मात्र मला हात सापडला. दोरखंडासाठी पाती बडवलेले हात ते. मामा बघत राहिले. कुटलेला चोथा रसासकट पाण्यात, अर्ध्या कापलेल्या वाइनच्या पिंपात. खमीर घालायचं नाही, हवेतून येईल ते येईल. पिंप थंडीमुळे बरेच दिवस गप्प बसलं. मामा रोज कान लावून ऐकायचे. एके दिवशी मला बोलावलं, ऐक म्हणाले. आत पावसाच्या बारीक सरीसारखा आवाज येत होता.

मधल्या दिवसांत आंटी माझ्या पर्मिटसाठी फोन करायच्या. दक्षिणेला लोअर हट गावात त्यांच्या बहिणीची बेकरी आहे, तिथे माझी सोय लावत होत्या. मी मात्र प्रत्येक जेवणानंतर भांडी घासायला धावायचो. कुणी थांबवलं तर जीव कासावीस व्हायचा. आपण फुकट खातोय असं सारखं वाटायचं. आता वाटतं, पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

दारू दोनदा गाळतात. तांब्याचं भांडं, त्यावर टोपण, टोपणातून वाकडी नळी, ती थंड पाण्याच्या पिंपातून बाहेर. पहिल्या वेळी सरसकट सगळं गाळायचं. दुसरी वेळ खरी. त्या सकाळी मामा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसले. नळीतून आधी जे आलं ते एका काचेच्या बरणीत घेऊन बाकाखाली ठेवलं. मग आईसाठी आणलेली काळ्या मातीची सुरई लावली. थोड्या थोड्या वेळानं पोकळ बोरूनं उंचावरून वाटीत धार सोडायचे आणि बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचे. त्या बुडबुड्यांना ते मोती म्हणतात. मोती टिकले की दारू जमली. मोती फुटायला लागले तेव्हा त्यांनी सुरई बाजूला घेतली, तोंडावर फडकं बांधलं आणि नळीखाली पत्र्याचा डबा लावला. तेवढ्यात शेजारचा माणूस आला; कुंपण पडून गाई रस्त्यावर गेल्या होत्या. आच मंद ठेव, दुसऱ्या कशाला हात लावू नकोस, असं सांगून मामा गेले.

मी आच मंद ठेवली. आणि सुरईकडे बघत बसलो. उचलून बघितली तर ती भरलेली नव्हती, गळ्यापासून बरीच खाली. आमच्या घरी देवापुढे किंवा गेलेल्या माणसापुढे अपुरं भांडं ठेवत नाहीत. माझी आई म्हणायची, कलश काठोकाठ हवा, नाही तर ठेवूच नये. मग मला बाकाखालची बरणी दिसली. दारूला मी कधी स्पर्श केला नव्हता, पण गावात मोठ्ठी माणसं मिशीवर हात फिरवत पहिल्या धारेची म्हणजे काय ते सांगायची. पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात भारी. मला वाटलं, घाईत मामा विसरले. किंवा त्यांनी ती स्वतःसाठी ठेवली असेल आणि आईला द्यायला त्यांना आवडेलच. या घरात पहिल्यांदा मी काहीतरी देणार होतो. फडकं सोडलं, बरणी सुरईत ओतली, काठोकाठ. फडकं होतं तसं बांधलं आणि सुरईच्या पोटाला हळदीचं बोट लावलं.

मामा चिखलानं माखून आले. मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं, आईची सुरई भरली, पहिल्या धारेची घालून.

त्यांनी आधी बाकाखाली बघितलं. मग सुरईचं फडकं सोडून वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. बोरूनं धार सोडून बघितली. मोती आले नाहीत, नुसते फुगे येऊन फुटले. मला काही कळत नव्हतं, पण आंटी दारातून बघत होत्या आणि त्यांनी तोंडावर हात धरला होता. त्यांनीच मग मला हळूच सांगितलं. सुरुवातीला येतं त्यात नको ते सगळं आधी उडून येतं, रंगाच्या दुकानासारखा वास असलेलं, डोकं फोडणारं. ते काढून टाकतात. मामा त्यानं चूल पेटवतात. मधली धार तेवढी पिण्याची. शेवटची फिकी, ओल्या पुठ्ठ्यासारखी.

पुन्हा गाळता येणार नाही का, मी विचारलं.

"गाळता येईल," मामा म्हणाले. "दारू मिळेल. तिच्यात झाडाची चव राहणार नाही."

ते नळाशी जाऊन हातपाय धुवायला लागले. फार वेळ धुत होते. मी खोलीत जाऊन बॅग भरली. आंटींनी ती उघडली, कपडे परत खुंटीवर टांगले आणि मला झेंडूच्या फुलांची टोपली दिली. मेक्सिकोतही मेलेल्यांना झेंडूच लागतो, हे मला तेव्हा कळलं. हार करता येतो का, विचारलं. येतो म्हणालो. डोळे पुसत पुसत ओवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोटो मांडला. फोटोत एक बारकी बाई, कमरेवर हात, कॅमेऱ्यावर रागावल्यासारखी. तिच्यासमोर पाव, मीठ, पाणी, माझा हार. आणि एका छोट्या वाटीत मामांनी त्या पत्र्याच्या डब्यातलं, शेवटच्या धारेचं ओतलं. जमिनीवर तीन थेंब सोडले. मग मला जवळ बोलावलं.

"आमच्या घरी मधली धार व्यापारी न्यायचा," ते म्हणाले. "आई जन्मभर शेपटाचीच, ही शेवटची धार, प्यायली. म्हटलं होतं, एकदा तिला मधली देईन."

ते फोटोकडे बघून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले आणि हसले. आंटींनी सांगितलं, म्हणाले, म्हातारे, याही वर्षी तेच, सवयीचं आहे ना तुला.

मला कुठे बघावं कळेना. मामांनी माझ्याही हातात वाटी दिली. नाही म्हणायचं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं. त्यांनी शिकवलं तसं केलं. एका दमात टाकायची नाही. आधी वास घ्यायचा, मग ओठांना लागेल एवढीच, मग संत्र्याची फोड तिखटमिठात बुडवून. फिकी होती, पुठ्ठ्यासारखी होती, आणि फार खाली कुठेतरी त्या खड्ड्यातला धूर होता. मामांनी विचारलं, धूर लागला का. हो म्हणालो. मग तिलाही लागला असेल, म्हणाले.

पर्मिटचं काम झालं. मामांनीच मला ऑकलंडपर्यंत सोडलं, तेच वळणांचे डोंगर, या वेळी पोटात काही हललं नाही. बसपाशी आंटींनी दिलेला डबा हातात ठेवून ते म्हणाले, पोहोचलास की फोन कर. त्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

आता लोअर हटच्या बेकरीत पहाटे पाव भाजतो. इथल्या मराठी मंडळींत गप्पा निघाल्या की कुणी ना कुणी पहिल्या धारेची म्हणून हसतं, आणि माझे कान गरम होतात. ऐकीव गोष्टीवर एवढा भरवसा ठेवून मी एका म्हातारीच्या तोंडचा घोट काढला. तोही उपकार फेडायला.

टेकडीवरचं दुसरं झाड अजून कोवळं आहे. आंटी म्हणतात, वेळ लागेल. लागू दे. त्याचा दांडा वर येईल तेव्हा, मामा, मी जिथे असेन तिथून येईन. खड्डा मी खणेन, गड्डा मी कुटेन, भट्टीपाशी तुम्ही सांगाल तिथे हात बांधून बसेन. आणि तुमच्या आईसमोर मधल्या धारेची सुरई ठेवेन, गळ्यापासून कितीही खाली असली तरी.