आत्याची वाकणारी सुई

माझी आत्या आमच्याच कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये स्फटिक वाढवते. म्हणजे पाकात साखरेचे खडे जमतात ना, तसंच, फक्त हे केसाएवढे बारीक आणि लांब. सुईच म्हणायची. पण वाकवली तर मोडत नाही, सोडली की परत सरळ. त्यावर लोखंडाच्या पुडीचा चिकट थर द्यायचा आणि बाजूला लोहचुंबक धरायचं, की सुई हात न लावता वाकते. हेच तिचं रोजचं काम, याचाच तिला पगार.

आणि बाबा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, जेवताना रोज तेच.

"काय गं, आज काय वाकवलंस?"

"स्फटिक."

"साखर वाकवायचा पगार मिळतो, मजा आहे बुवा तुमची."

ती हसायची, पण मग भांडी जरा जास्तच आपटायची.

लॅब बघायला लोकांना बोलावलं होतं त्या दिवशी तिने बाबांना अक्षरशः ओढत आणलं. मीही होते. तिने चुंबक जवळ नेलं आणि सुई मान वळवावी तशी वळली, थेट अर्धगोल. बाबा बघतच राहिले. मग सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलो गं. उगाच चेष्टा करायचो."

आत्या पांढरीफटक. मला वाटलं आनंदाने रडणार आता.

"दादा, हा दोरा आहे."

"कसला दोरा?"

"नायलॉनचा. पूड लावलेला. सकाळी घाईत थर जाड झाला, सुकून कडक झाला, सगळ्या सुया मोडल्या. तू येणार होतास म्हणून..."

तिच्या लॅबचे मुख्य सर वळून बघायला लागले. बाबांनी हात काढला आणि खिशात घातला. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं, तिचं काय झालं असेल.

घरी कोणी विषयच काढला नाही. बाबांची चेष्टासुद्धा बंद, आणि ते जास्त वाईट होतं. शेवटी तीच म्हणाली, "दादा, एकदा ये. आता खरी आहे."

गेलो. वाकली सुई, पण किती, तर नखाच्या कडेएवढी. बाबा काचेला नाक लावून बघत होते.

"एवढंच?"

"एवढंच."

"पण वाकली की. परत धर बघू."

तिने परत चुंबक धरलं. सुई परत वाकली. आत्या मात्र सुईकडे बघतच नव्हती, बाबांच्या चपलांकडे बघत होती, त्या दाराकडे वळतात का म्हणून.