बैठकीतली ट्यूबलाइट

घराघरांत शिडी लावत फिरणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, वरूनच दिसतात! सत्तरच्या दशकात मी मालेगावात वायरमन होतो. ट्यूबलाइट नवीन होती. उजेड शंभराच्या बल्बपेक्षा जास्त, वीज निम्म्याहून कमी. पण लावायची कुठं? तर बैठकीत! बाई चुलीपाशी झिरोच्या बल्बखाली चाचपडतेय आणि इकडे रिकाम्या खुर्च्यांवर लख्ख उजेड. माझं डोकंच फिरायचं.

*

एक गुरुजी होते, विज्ञान शिकवणारे. ट्यूब बसवली आणि जुना शंभराचा बल्ब काढू का म्हणून विचारलं. तर म्हणाले, दोन्ही चालू राहू दे, पाहुण्यांना फरक कळला पाहिजे!

विज्ञान शिकवत होते म्हणे.

*

शिरपूरचा एक दुकानदार पाहुण्यांशिवाय बैठकीतला दिवा लावू द्यायचा नाही. तो दुकानात गेला की बायको सूप घेऊन तिथं डाळ निवडत बसायची. म्हणून हा घरी आला की आधी बल्बला हात लावून पाहायचा, गरम आहे का! ट्यूब आल्यावर पंचाईत झाली, ती काही तशी तापेना. आता कसं ओळखायचं, असं त्यानं मलाच विचारलं.

ट्यूबच्या पट्टीवरचा चोक तापतो, हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

*

गावाजवळच भाजीपाल्याचा मळा असलेले एकजण. त्यांना मी सरळच म्हटलं, ट्यूब स्वयंपाकघरात लावू.

"धुरानं काळी पडते नं बापा. इकत आणली हाय."

"अन् वहिनीचे डोळे?"

"ते कुठं इकत आणले?"

मी शिडी उचलली आणि चालू लागलो. आजही आठवलं की संताप होतो.

*

त्याच वर्षी कामरगावला मुलगी पाहायला गेलो, सोबत आई. जयभीम झाला, चहा आला. बैठकीत साधा बल्ब होता, पण आतल्या दारातून पांढरा उजेड येत होता. ट्यूब स्वयंपाकघरात! मी एवढा खूश झालो की गुरुजी, दुकानदार, मळेवाले, सगळ्यांचा उद्धार करून टाकला. चहा निवून गेला. मुलगी शाळेत शिकवायची. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या वडिलांनी तिला विचारलं, काही विचारायचं आहे का?

"तुमच्या घरी चुलीपाशी कोणता लाइट हाय?"

मी निवलेला चहा एका घोटात संपवला. आई शेजारीच बसली होती.

"सांग नं बापा तिले," ती म्हणाली.