तासाचा भाव

नोकरी सोडून वेबसाइट बनवायचं ठरवलं तेव्हा मला सगळं येत होतं, फक्त भाव सांगता येत नव्हता. त्याआधी चार वर्षं भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात गेटपास आणि स्टॉकच्या एंट्र्या मारल्या होत्या. निघताना तिथले साहेब म्हणाले, "तीन महिने तुझी जागा भरत नाही, जमलं नाही तर ये." भला माणूस. पण परत गेले असते तर गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांचं "काय गं, आलीस का?" ऐकावं लागलं असतं. ते मला अजिबात नको होतं.

तासाचा भाव काढायची रीत इंटरनेटवर जो तो सांगतो. महिन्याला किती हवेत ते लिहा, किती तास काम मिळेल ते लिहा, लॅपटॉप आणि वीजबिल धरा आणि भागा. मी भागलं. पाचशे आले. चुकलं असेल म्हणून परत भागलं, पुन्हा पाचशेच. आमची आई पडघ्याजवळ लोकांच्या शेतांवर लावणीला जाते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून तिला दिवसाचे चारशे मिळतात. आणि मी पंख्याखाली बसून तासाला पाचशे मागू? कुठल्या तोंडाने? मी दोनशे ठरवले, आणि तेही जास्तच वाटले.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं, भिवंडीतला एक लूमवाला शेठ, त्याचे कापडाचे यंत्रमाग होते. त्याला आपल्या कापडाची वेबसाइट हवी होती. "घंटे का कितना?" त्याने विचारलं. मी दोनशे म्हटलं. त्याने लगेच चहा मागवला. मग म्हणाला, "घंटे का काम है तो इधर बैठ के करो. मेरे सामने."

चूक माझीच. आमच्या भिवंडीत तासावर कोण काम करतं? लूमवर मीटरचे पैसे, टेम्पोवाल्याला फेरीचे, हमालाला नगाचे. तास म्हटल्यावर शेठला एकच तास माहीत होता, मशीन चालू असल्याचा. त्याने वही उघडली, पानावर दोन रकाने पाडले, चालू आणि बंद, आणि मला समोरच्या टेबलावर बसवलं.

माझी बोटं चालायची तोवर ठीक. जरा थांबून स्क्रीनकडे बघत बसले की शेठ घड्याळ बघून 'बंद'मध्ये लिहायचा. लाईट गेली की बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालतो हे मी दोनदा दाखवलं, तरी बंद. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "शेठ, मी विचार करतेय. तो पण कामच आहे."

"लूम सोचता नहीं," तो शांतपणे म्हणाला.

चार दिवसांत वेबसाइट झाली. 'बंद' वजा जाऊन अकरा तास भरले, म्हणजे बावीसशे. शेठने पैसे हातावर ठेवले, वर मिठाईचा पुडाही दिला आणि हसत म्हणाला, "बेटी, मैं तो पाँच सौ घंटा सोच के बैठा था." तो मिठाईचा पुडा त्याच्याच टेबलावर आपटावासा वाटला. राग त्याचा नव्हता, माझा मलाच आला होता. पडघ्याच्या रिक्षात बसून मी सगळी मिठाई एकटीने संपवली.

तोवर अडीच महिने झाले होते. हातात दुसरं काम नव्हतं आणि साहेबांचा मेसेज आला होता, काय ठरलं? त्याच आठवड्यात एका दुपारी गणेशपुरीहून फोन आला. एका लॉजच्या मालकांना खोल्यांच्या बुकिंगसाठी वेबसाइट हवी होती. आई शेजारीच सुकट निवडत बसली होती. मालकांनी सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही तासाला किती घेता?"

हे गिऱ्हाईक गेलं की मी परत गेटपास फाडायला जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी म्हटलं, "सहाशे. आणि काम माझ्या घरून करणार."

"पाचशे करा ना."

"नाही परवडत हो."

मी डोळे मिटून घेतले. मग ते म्हणाले, "बरं, सोमवारी येऊन खोल्या बघून जा." मी आधी साहेबांना मेसेज टाकला, की जागा भरून टाका. मग माझं लक्ष आईकडे गेलं. तिचा हात थांबला होता.

"सहाशे? दिवसाचे?"

"तासाचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने सांगायला लागले, की रोज काम नसतं, विचार करायचा वेळ जातो, लॅपटॉपचे हप्ते आहेत, नेटचं बिल आहे.

"अगं, मला काय समजावतेस," आई म्हणाली. "इतकी वरसं लोकांच्या शेतात गेलू, पन किती घेशील असं मला कोनी इचारलंच न्हाय. ते सांगायचे, आमी जायचू." तिने परात बाजूला सरकवली. "तू कसं सांगितलंस त्याला? परत सांग बघू."

"सहाशे," मी म्हटलं.

"जरा दमानं सांग. घाबरल्यावानी वाटतंय."